आफ्रिकेचा इतिहास शिकायचाय? आधी पोर्तुगीज शिका

ॲडमिशन, स्कॉलरशिप वगैरे तुम्ही शोधलंच असेल. मुंबई विद्यापीठात कलिन्याला आणि दिल्लीत आफ्रिका-अभ्यासाचे विभाग आहेत हेही ठाऊक असेल. मी बोलणार आहे भाषेबद्दल. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

आपल्याकडच्या मुलांच्या डोक्यात आफ्रिकी डायस्पोरा, म्हणजे आफ्रिकेबाहेर विखुरलेले आफ्रिकी लोक, म्हटलं की अमेरिका. साहजिकच आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, आणि पँथर हे नावही तिकडूनच आलं. पण आकडे बघा. आफ्रिकेतून अटलांटिकपार नेण्यासाठी गुलाम म्हणून जहाजांवर चढवलेली माणसं अंदाजे सव्वा कोटी. त्यांतली उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट उतरवली चार लाखांच्या आसपास. ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या घरात, आणि ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. म्हणजे नुसत्या इंग्रजीवर विसंबलात तर मोठा हिस्सा हातातून गेलाच. 'इंग्रजीत सगळं मिळतं' असं सांगणारे गाइड भेटतील. ऐकू नका. त्यांचं बस्तान बसलेलं आहे, तुमचं बसायचंय.

फ्रीटाउन (सिएरा लिओन) आणि हवाना (क्यूबा) इथल्या न्यायालयांच्या वह्या घ्या. पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी माणसांच्या नोंदी त्यांत आहेत, ९१ हजारांहून जास्त. नाव, वय, उंची, स्त्री की पुरुष. नाव कारकुनाने कानाला आलं तसं उतरवलेलं: एकीकडे इंग्रजी वळणाने, दुसरीकडे स्पॅनिश. ते मोठ्याने म्हणून बघावं लागतं, मग योरुबासारखी पश्चिम आफ्रिकी भाषा जाणणाऱ्या कुणाला तरी ऐकवावं लागतं. भाषांतराचं ॲप इथे काय करणार, कपाळ!

घाबरू मात्र नका. कागद वाचण्यापुरती पोर्तुगीज यायला फाडफाड बोलता यावं लागत नाही. रोज थोडं, पण पहिल्याच सत्रापासून. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवताना सुरू केलीत तर विषय भाषाच ठरवते, तुम्ही नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगतेय, सांगत राहणार.

'जात आणि वंश' तुलनेवर निबंध खुशाल लिहा, मार्क मिळतात. प्रबंध मात्र त्यावर नको. फुले-आंबेडकर आपल्याला आधीच माहीत असतात म्हणून तो सोपा वाटतो, आणि आफ्रिका वाचायची राहूनच जाते.

पोर्तुगीज आली की घराजवळचंही एक दार उघडतं. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या हाताखाली होता, तेव्हाचे कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. पहिल्या मोठ्या सुट्टीत तिकडे जा, विभागाचं पत्र आधीच घेऊन ठेवा.