कंटूरवरून जमीन उभी करताना या चुका टाळा

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या उतारावरचा प्लॉट असो की वाईकडचा, सर्व्हेअरची डीडब्ल्यूजी फाइल (ऑटोकॅडचे रेखाचित्र) रेव्हिट किंवा स्केचअप या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची, कंटूर (समान उंचीच्या रेषा) निवडायचे, बटण दाबायचे, झाली जमीन. दिसतेही छान. पण पुढे प्लिंथची (जोत्याची) लेव्हल आणि खोदाई-भरावाचा हिशेब याच मॉडेलवरून निघतो. २० गुंठ्यांवर सगळीकडे १० सेंटिमीटरची चूक राहिली, तर सुमारे २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रासच्या आसपास मुरुमाचा फरक पडतो. तो मालकाच्या खिशातून जातो.

जमीन सपाट येते किंवा मध्येच खोल खड्डे पडतात

कंटूरशेजारी ७१२ (मीटर उंची) लिहिलेले असते, पण रेषेचे एलिव्हेशन मात्र शून्य! आकडा हा नुसता मजकूर आहे, सॉफ्टवेअर तो वाचत नाही. ऑटोकॅडमध्ये रेषा निवडून प्रॉपर्टीजमध्ये एलिव्हेशन बघा आणि मग बाजूच्या व्ह्यूमधून सगळी फाइल बघा. रेषा वेगवेगळ्या उंचीवर तरंगताना दिसल्या पाहिजेत. खड्डे पडत असतील तर प्लॉटची हद्द, झाडे, विजेचे खांब यांच्या शून्य उंचीवरच्या रेषा आत शिरल्या आहेत. पृष्ठभाग करताना फक्त कंटूरचे लेअर निवडा.

सोंडेचा माथा कापला जातो, ओघळ भरून येते

ही चूक सगळ्यात फसवी. फाइल अगदी बरोबर असली तरी ती होते, म्हणून तिच्याकडे नीट बघायला हवे. सॉफ्टवेअरला डोंगर कळत नाही. ते जवळजवळच्या बिंदूंचे त्रिकोण जोडत जाते. ७१२ ची रेषा सोंडेला (डोंगराच्या पुढे आलेल्या धारेला) वळसा घालून परत फिरते, तिथे दोन्ही अंगांचे बिंदू एकमेकांना जवळ पडतात आणि ७१३ ची रेषा लांब राहते. मग त्रिकोणाची तिन्ही टोके ७१२ वरच येतात आणि तेवढा तुकडा टेबलासारखा सपाट होतो. ओघळीत याच्या उलट घडते, तळ वर येतो. कंटूर १ मीटरचे (दर मीटर उंचीला एक रेषा) असतील तर चूक मीटरच्या आतच राहते. पण बंगला नेमका सोंडेवर घ्यायचा असतो आणि पावसाचे पाणी नेमके ओघळीतून काढायचे असते.

उताराचे रंग लावून बघितले की ओळखू येते. चढत्या जमिनीवर शून्य उताराचे पट्टे दिसले, तर ती खरी जमीन नव्हे. सर्व्हेअरकडून सोंडेच्या धारेवरच्या आणि ओघळीच्या तळाच्या स्पॉट लेव्हल (एकेका जागी मोजलेल्या उंची) मागून घ्या. सिव्हिल थ्रीडीमध्ये त्या रेषांना ब्रेकलाइन करा, म्हणजे त्रिकोण त्या रेषा ओलांडणार नाहीत, आणि सपाट भाग कमी करण्याचा पर्याय चालू ठेवा. रेव्हिटमध्ये त्या रेषेवर जवळजवळ बिंदू द्या. स्केचअपमध्ये फ्लिप एजने त्रिकोणाची कड फिरवता येते, पण नवी उंची त्यातून मिळत नाही.

ताली आणि बांधांचेही तेच. आपल्याकडची उताराची शेती पायऱ्यापायऱ्यांची. नुसत्या कंटूरवरून ती गुळगुळीत घसरण होऊन जाते. तालीची वरची आणि खालची कड वेगळी मोजून घ्या. दोन्ही कडा एकाच रेषेवर ठेवू नका, एका जागी दोन उंची बसत नाहीत. खालची कड दोनेक सेंटिमीटर बाहेर सरकवा.

मॉडेल थरथरते किंवा मुंगीएवढे येते

मीटरमधली फाइल मिलिमीटर म्हणून घेतली की हजारपट लहान होते, इम्पोर्ट करताना एकक तपासा. थरथरण्याचे कारण वेगळे. साताऱ्याचा यूटीएम नॉर्दिंग (नकाशाच्या जाळीतले विषुववृत्तापासूनचे उत्तरेकडचे अंतर) १९ लाख ५० हजार मीटरच्या आसपास येतो आणि रेव्हिटला मूळ बिंदूपासून १६ किलोमीटरपलीकडची भूमिती झेपत नाही. मॉडेल मूळ बिंदूजवळच ठेवा, खरे स्थान शेअर्ड कोऑर्डिनेट्सने (मॉडेल न हलवता खरी जागा नोंदवण्याची रेव्हिटची सोय) द्या.

सांगलीकडे दुखणे निराळे

कृष्णाकाठच्या सपाट प्लॉटवर १ मीटरच्या कंटूरची एखादीच रेषा येते, कधी तीही नाही. तिथे पाव मीटरचे कंटूर आणि भरपूर स्पॉट लेव्हल लागतात. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेला मालक पहिला प्रश्न प्लिंथचाच विचारतो. आयर्विन पुलावरची कृष्णेच्या पाण्याची फुटांतली पातळी त्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेली असते आणि सर्व्हेअरने टीबीएम (कामापुरता ठरवलेला उंचीचा संदर्भबिंदू) अनेकदा १०० मीटर धरलेला असतो. दोन्ही एकाच संदर्भावर आणल्याशिवाय तुलना करू नका.

सॅटेलाइटच्या ३० मीटरच्या डेटावरून काढलेले कंटूर घराच्या कामाला वापरूच नयेत. २० गुंठ्यांत असे जेमतेम दोन-तीन चौकोन बसतात, म्हणजे अख्ख्या प्लॉटला दोन-तीनच उंची. मधल्या सुबक रेषा सॉफ्टवेअरने काढलेल्या असतात.

काम पुढे नेण्याआधी

आठ-दहा स्पॉट लेव्हल मुद्दाम बाजूला ठेवा, पृष्ठभागात घालू नका. मॉडेलमधली उंची त्यांच्याशी ताडून बघा. शिवाय तयार पृष्ठभागावरून नव्याने कंटूर काढून मूळ रेषांवर ठेवा, कुठे सुटतात ते लगेच दिसते. फरक सापडला तर पृष्ठभाग हाताने ओढून बसवू नका. मूळ डीडब्ल्यूजीत दुरुस्ती करा आणि जमीन पुन्हा तयार करा, नाहीतर सर्व्हेअरची सुधारित फाइल आली की हाताने केलेले सगळे पुसले जाते.