व्हेरिकोज व्हेन्स: डॉपलरवर उलटा प्रवाह कसा मोजावा

व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे पायांतल्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करताना रुग्णाला उभंच करा. झोपवून तपासलं तर शिरांतल्या झडपांवर (रक्त उलटं खाली येऊ न देणाऱ्या) रक्ताचा भार नीट येत नाही आणि गळती, म्हणजे उलटा प्रवाह, निसटू शकते. वजन दुसऱ्या पायावर, तपासायचा पाय किंचित वाकवून बाहेर वळवलेला. उभ्यानं चक्कर येऊ शकते, म्हणून आधाराला दांडा हवाच. खोली उबदार ठेवा. थंडीत शिरा आक्रसतात.

लिनियर प्रोब (सोनोग्राफीचा सपाट तोंडाचा, अंगावर फिरवायचा भाग) घ्या, जेल भरपूर लावा. आधी खोल शिरा प्रोबनं दाबून पाहा: दाबल्यावर मिटत नसेल तर गुठळीची शंका घ्या आणि त्या पायाची पोटरी पिळू नका.

मग मोठी सॅफेनस शीर (पायाच्या आतल्या बाजूची वरवरची शीर) जांघेत खोल शिरेला मिळते तिथपासून खालपर्यंत तपासा, आणि गुडघ्यामागची छोटी सॅफेनसही. शीर उभ्या छेदात धरा, ध्वनिलहरी व प्रवाह यांतला कोन ६० अंशांच्या आत, कलर स्केल (रंगात दिसणाऱ्या वेगाची मर्यादा) व वॉल फिल्टर (मंद हालचाली गाळणारी सेटिंग) कमी. पोटरी पिळा, झटकन सोडा. सोडल्यावर उलटा प्रवाह वरवरच्या शिरेत ०.५ सेकंदापेक्षा, मांडीच्या किंवा गुडघ्यामागच्या खोल शिरेत १ सेकंदापेक्षा जास्त टिकला, तर झडप निकामी.

प्रवाहच दिसला नाही तर बहुधा प्रोब जोरात दाबला गेलाय. हात हलका करा, पोटरी भरू द्या, पुन्हा पिळा. व्यास मात्र आडव्या छेदातच मोजा.