वायफाय कार्डाला मेमरी मिळत नाही? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात यंत्रमागांच्या मीटरचं रीडिंग गोळा करणारा छोटा बोर्ड बसवला आहे. एआरएम प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, मिनी पीसीआय-एक्सप्रेस खाचेत वायफाय कार्ड आणि वर लिनक्स. मे महिन्यात तिथल्या सुपरवायझरचे सकाळी फोन यायला लागले. "सर, रात्री परत गेलं की हो वायफाय. बंद करून चालू केलं की येतंय बघा." बाहेर ४३ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, त्यामुळे सगळ्यांचा संशय उन्हावर. मालकांनी बोर्डाच्या डब्याला पंखाही लावून घेतला.

पण कार्ड जायचं रात्री दोनच्या सुमाराला. लॉगमध्ये, म्हणजे बोर्डाच्या नोंदवहीत, सरळ लिहिलेलं होतं की ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होताना एरर उणे १२ आली. लिनक्समध्ये उणे १२ म्हणजे मेमरी मागितली आणि मिळाली नाही. फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल सापडली नाही तर उणे २ येते, कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही तर उणे ११०. उणे १२ दिसल्यावर अँटेना, पासवर्ड आणि ऊन यांच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका.

तरीही मेमरीचा हिशेब दाखवणारी फ्री कमांड १९ एमबी मोकळी दाखवत होती. मग मिळाली का नाही? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण "मेमरी संपली" हे अर्धंच निदान आहे. कोणती मेमरी संपली, हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नये.

मोकळी मेमरी बघून गाफील राहणं

लिनक्स मेमरी ४ केबीच्या पानांत वाटतो. ड्रायव्हरला काही वेळा सलग पानं लागतात, कारण कार्डाचं हार्डवेअर डीएमए करताना, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये लिहिताना, एका पत्त्यापासून पुढे ओळीने लिहीत जातं. लॉगमध्ये "पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४" असं दिसलं, तर त्याचा अर्थ २ चा चौथा घात, म्हणजे १६ पानं, ६४ केबी, आणि तीही सलग हवी होती.

लग्नाच्या पंगतीत सोळा जणांचं कुटुंब आलंय आणि त्यांना एका ओळीत शेजारी शेजारीच बसायचंय, असं समजा. हॉलमध्ये शंभर पाट रिकामे आहेत, पण इथे एक, तिथे दोन. यजमान म्हणतो जागा भरपूर आहे, आणि कुटुंब मात्र दारात उभं.

त्या रात्रीच्या लॉगमध्ये मोकळ्या तुकड्यांची ओळ अशी होती: ४ केबीचे २६१०, ८ केबीचे ९०५, १६ केबीचे ११८, ३२ केबीचे ६, आणि ६४ केबीचे शून्य. बेरीज १९,७६० केबी. एकोणीस एमबी मोकळी, पण ६४ केबीचा एक सलग तुकडा नाही.

हेच चालू बोर्डावर बघायचं असेल तर प्रॉक फोल्डरमधली बडीइन्फो ही फाइल वाचा. पहिला रकाना ४ केबीचा, पुढचा प्रत्येक दुप्पट. मोजणी शून्यापासून आहे, म्हणून ऑर्डर ४ म्हणजे पाचवा रकाना. इथे बरेच जण चौथा रकाना वाचतात आणि "तुकडे तर आहेत" म्हणून भलतीकडे शोध सुरू करतात.

ड्रायव्हर काढून-घालून बघण्याची सवय

या प्रकरणातली खरी चूक हीच होती. आधी काम पाहणाऱ्या माणसाने रोज रात्री दोन वाजता ड्रायव्हर मॉड्यूल काढून पुन्हा घालणारी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावली होती. हेतू चांगला होता, कारण पूर्वी कधीतरी कार्ड अडकलं होतं.

बोर्ड नुकताच सुरू झालेला असतो तेव्हा मेमरी सलग असते, त्यामुळे ड्रायव्हरला हवा तो मोठा तुकडा सहज मिळतो. दहा-बारा दिवस चालल्यावर मेमरीचे तुकडे पडलेले असतात. अशा वेळी ड्रायव्हर काढला की त्याने धरून ठेवलेली सलग जागा मोकळी होते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरं कोणीतरी तिथे दोन पानं मांडून बसतं. ड्रायव्हर परत येतो तेव्हा त्याची जागा गेलेली असते. म्हणून पहिले काही दिवस सगळं बरं चालतं आणि मग एका रात्री कार्ड जातं. रीबूट केलं की परत ठीक, आणि लोकांना वाटतं कार्डच खराब आहे. त्या कारखान्यात दोन कार्डं याच समजुतीने बदलली गेली होती, आणि दोन्ही चांगली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्ही ती क्रॉन काढली. वायफायचा ड्रायव्हर बूट होताना सगळ्यात आधी, बाकीच्या सेवांच्या अगोदर चढेल असं केलं. कनेक्शन अडकलं तर मॉड्यूलला हात न लावता फक्त इंटरफेस खाली-वर करायचा. ड्रायव्हर काढल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर परत घालण्याआधी ड्रॉप-कॅशेस (फाइलींच्या साठवलेल्या प्रती सोडते) आणि मग कॉम्पॅक्ट-मेमरी (विखुरलेली पानं एकत्र सरकवते) या दोन फाइलींत लिहा. दुसरी फाइल कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) कॉम्पॅक्शन, म्हणजे हे सरकवणं, चालू असेल तरच दिसते. आणीबाणीला हा उपाय ठीक आहे. दर दहा मिनिटांनी ड्रॉप-कॅशेस करणारी क्रॉन मात्र लावू नका, त्याने बोर्ड मंद होतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. कर्नलची स्वतःची पानं कॉम्पॅक्शनला बहुतेक वेळा हलवता येत नाहीत, त्यामुळे दर वेळी यश येईलच असंही नाही.

राखीव कोठ्यांचा घोळ

डीएमएसाठी काही मेमरी वेगळी राखलेली असते आणि इथे दोन कोठे लोक एकमेकांत मिसळतात.

पहिला कोहेरंट पूल. इंटरप्टच्या, म्हणजे हार्डवेअरच्या तातडीच्या हाकेच्या, मध्येच, थांबायची मुभा नसताना लागणाऱ्या डीएमए मेमरीचा हा छोटा साठा. जुन्या ३२-बिट एआरएम कर्नलवर तो मुळात २५६ केबीच असतो. तो संपला की कर्नल स्वच्छ शब्दांत सांगतो: अ‍ॅटॉमिक डीएमए कोहेरंट पूल लहान पडतोय, कोहेरंट-पूल हा बूट पॅरामीटर वाढवा. मग तो १ एमबी किंवा २ एमबी करा, बस. कर्नल ५.८ पासून ६४-बिट एआरएमवर हा साठा गरजेप्रमाणे वाढू शकतो, म्हणून तिथे ही ओळ सहसा भेटत नाही.

दुसरा सीएमए. डिस्प्ले, कॅमेरा किंवा मोठा डीएमए बफर यांच्यासाठी हा मोठा सलग पट्टा असतो. गरज नसताना त्यात इतरांची हलवता येणारी पानं ठेवली जातात. मेख अशी की सीएमएची मोकळी जागा फ्री कमांडच्या "मोकळी" मध्ये मोजली जाते, पण ड्रायव्हरने घाईत मागितलेली साधी कर्नल मेमरी तिथून देता येत नाही. प्रॉक फोल्डरमधल्या मेमइन्फो फाइलीत सीएमए-फ्री हा आकडा बघा आणि एकूण मोकळ्यातून वजा करा. उरेल ती खरी शिल्लक. १२८ एमबीच्या बोर्डावर कोणीतरी ६४ एमबी सीएमए ठेवतं, त्याला स्क्रीनही नसते, आणि मग वायफाय उपाशी राहतं. अशा वेळी सीएमए वाढवू नका, कमी करा.

रॅम वाढवली की सुटेल, हा समज

"बार शून्यला जागा नाही" अशा अर्थाची ओळ बूटच्या लॉगमध्ये असेल, तर ती रॅमची गोष्टच नव्हे. पीसीआय कार्डाला आपले रजिस्टर मांडायला पत्त्यांची खिडकी, म्हणजेच बार, लागते. काही वायफाय कार्डं २ एमबी मागतात, लॉगमध्ये ते हेक्समध्ये ०एक्स२००००० असं दिसतं. बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलीत) ती खिडकी अपुरी असेल तर ती तिथे, रेंजेस या ओळीत वाढवावी लागते. कितीही रॅम घातली तरी फरक पडणार नाही. आणि ३२-बिट एआरएमवर साधारण ७६० एमबीच्या वरची रॅम हायमेममध्ये, म्हणजे कर्नलला थेट न पोचता येणाऱ्या भागात, जाते. ड्रायव्हरला लागणारी साधी कर्नल मेमरी तिथून येत नाही.

मिन-फ्री-केबाइट्स वाट्टेल तेवढं करणं

हा आकडा कर्नलला सांगतो की एवढी मेमरी घाईच्या मागण्यांसाठी हाताशी ठेव. थोडा वाढवला तर खरोखर फायदा होतो. आम्ही त्या २५६ एमबीच्या बोर्डावर ८१९२ ठेवला. पण ६४ एमबीच्या राउटरवर ३२ एमबी राखून ठेवायला सांगितलं, तर कर्नल तुमचेच प्रोग्रॅम मारायला सुरुवात करेल.

झेडरॅमचंही (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) असंच. चांगली सोय आहे, पण स्वॅप होतात ती प्रोग्रॅमची पानं. कर्नलची मेमरी स्वॅप होत नाही.

टेंप फोल्डर म्हणजे रॅमच

छोट्या बोर्डावर टेंप फोल्डर बहुधा टीएमपीएफएसवर असतो आणि मर्यादा घातली नाही तर तो अर्धी रॅम खाऊ शकतो. तिथे रात्रभर पॅकेट पकडत बसलात, की सकाळी कार्ड गेलेलं दिसेल. त्याला मर्यादा घाला आणि लॉग बाहेर पाठवा.

बोर्ड स्वतःच अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर पाठवायच्या रांगेकडेही बघा. नव्या ड्रायव्हरांच्या सामाईक रांगेची मर्यादा वायफायच्या एसी पिढीच्या कार्डांसाठी १६ एमबी असते, जुन्या एन पिढीसाठी ४ एमबी. ६४ एमबीच्या बोर्डाला १६ एमबी झेपत नाही. आयडब्ल्यू कमांडने टीएक्सक्यू मेमरी-लिमिट कमी करता येते.

शेवटच्या ओळीचा फोटो पाठवणं

मला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात ते स्क्रीनच्या तळाचे फोटो. कामाची असते ती पहिली बिघाडाची ओळ, ज्यात ऑर्डर आणि मागणीचा प्रकार लिहिलेला असतो. त्या ओळीतलं प्रोग्रॅमचं नाव बघून त्याला दोषी धरू नका, त्या क्षणी तो चालू होता एवढंच. गर्दीच्या वेळी ऑर्डर १ किंवा २ ची एखादी ओळ आली आणि वायफाय चालूच राहिलं, तर बहुधा एक पॅकेट पडलेलं असतं, धावपळ करायची गरज नाही. कर्नलचा लॉग गोल फिरतो, जुन्या ओळी पुसल्या जातात. म्हणून लॉग-बफ-लेन (लॉगचा आकार ठरवणारा बूट पॅरामीटर) १ एमबी करून ठेवा.

शिवाय दर तासाला बडीइन्फो आणि मेमइन्फोतला एसअनरिक्लेम (कर्नलने धरलेली, परत घेता न येणारी मेमरी) हा आकडा फाइलीत टिपत राहा, दोन रात्री तरी. एसअनरिक्लेम सतत चढतच गेला, कधी उतरलाच नाही, तर कुठेतरी गळती आहे आणि ड्रायव्हर किंवा कर्नल बदलावा लागेल. तो स्थिर राहून फक्त मोठे तुकडे आटत गेले, तर तुकडे पडण्याचं दुखणं आहे. कारखान्यातल्या बोर्डावर हा आकडा स्थिर होता, पाचवा रकाना मात्र नवव्या दिवशी शून्यावर आला होता. क्रॉन काढल्यावरही तो अधूनमधून शून्याला टेकतो. फक्त आता त्या वेळी ड्रायव्हरला नवीन तुकडा मागावा लागत नाही, त्याचा तुकडा बूटपासून त्याच्याकडेच असतो.