सर्फस्केट चालवताना या चुका टाळा: पाना उचलण्याआधी गुडघे बघा

पहिले तीन आठवडे माझा सर्फस्केट, म्हणजे लाटेवरच्या सर्फबोर्डसारखा वळवत चालवायचा स्केटबोर्ड, जागच्या जागी नुसती शेपटी हलवत होता. मी घामाघूम, आणि बोर्ड दोन फूट सरकून थांबलेला. दोष ट्रकचाच, म्हणजे बोर्डाखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या जोडणीचाच, असं ठरवून पाना घेऊन बसलो. किंगपिन, म्हणजे ट्रकमधला मुख्य बोल्ट, आवळला, सैल केला, परत आवळला. दर वेळी पाच मिनिटं वाटायचं, जमलं. मग एकदा मोबाइल भिंतीला टेकवून स्वतःचंच चित्रण केलं. बोर्ड ठीक होता. त्याच्यावरचा माणूस खांबासारखा ताठ उभा होता आणि फक्त त्याचे घोटे वळवळत होते.

तेव्हापासून कुणी "माझा बोर्ड पळतच नाही" म्हणालं, की मी आधी त्याचे गुडघे बघतो. काही तक्रारी खरोखर ट्रकच्या असतात, नाही असं नाही. पण बऱ्याचशा मधल्याच असतात: ट्रक एका जातीचा, आणि माणूस चालवतोय दुसऱ्याच जातीच्या सवयीनं.

घोट्यांनी पंप करणं

पाय जमिनीला न लावता सर्फस्केटला वेग मिळतो, यालाच पंप करणं म्हणतात. तो कसा हे झोपाळ्यावर उभं राहून पाहिलेल्या कुणालाही कळेल. झोका चढतो तो नेमक्या क्षणी बसण्यानं आणि नेमक्या क्षणी उठण्यानं. साखळ्या हातांनी कितीही हिसकल्या तरी चढत नाही. इथंही तेच. वळणात शिरताना खाली बसायचं, वळणातून बाहेर पडताना पायांनी बोर्ड दाबत उठायचं. ती दाब देण्याची वेळ साधली की बोर्ड पायाखालून पुढे सटकल्यासारखा वाटतो.

वळण सुरू होतं नजरेपासून. डोकं, खांदे, कंबर, गुडघे आणि सगळ्यांत शेवटी पाऊल. नवखा माणूस ही साखळी उलटी चालवतो. पाऊल आधी वळतं, वरचं धड मागं राहतं, आणि दोघं एकमेकांचं काम खोडत बसतात. दुसरा प्रकार हात भिरकावणाऱ्यांचा. हात पवनचक्कीसारखे फिरतात, पण कंबर जागची हलत नाही, म्हणून ती ताकद बोर्डापर्यंत उतरतच नाही. पुढचा हात जिकडे बोट दाखवेल तिकडे नाभीही वळली पाहिजे, एवढी एकच खूण ठेवा.

एक तक्रार मी वारंवार ऐकतो: "पंप करताना बोर्ड हळूहळू एकाच बाजूला भरकटतो, ट्रक वाकडा आहे का?" बहुतेक वेळा ट्रक सरळच असतो. बोटांच्या बाजूचं वळण सोपं, कारण तिकडे समोर दिसतं आणि गुडघेही आपोआप वाकतात. टाचांच्या बाजूला वळताना माणूस कमरेतून पुढे वाकतो, बूड मागे काढतो आणि घाबरून वळण अर्धवट सोडतो. एका बाजूचं वळण खोल, दुसऱ्या बाजूचं उथळ, म्हणजे भरकटणं आलंच. उपाय असा: टाचेच्या वळणात छाती वर ठेवून खुर्चीत बसल्यासारखं खाली जा आणि पुढचा खांदा पाठीमागच्या दिशेनं उघडा. आठवडाभर फक्त टाचेचीच वळणं घेऊन मोठं वर्तुळ काढत राहिलात, तरी पुरे.

सगळे पुढचे ट्रक एकाच मापानं मोजणं

ही चूक अनुभवी लोकही करतात, म्हणून इथं जरा थांबतो.

सर्फबोर्ड वळतो तो मागच्या फिनभोवती, म्हणजे तळाला लावलेल्या पात्याभोवती. शेपटी खिळल्यासारखी राहते आणि नाक झोकात फिरतं. साधा स्केटबोर्ड तसा वळत नाही, त्याचे दोन्ही ट्रक सारखे झुकतात. १९९० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये ग्रेग फॉक आणि नील कार्व्हर या दोघा सर्फरांनी ही उणीव भरून काढायचा घाट घातला, आणि त्यातून कार्व्हरचा ट्रक आला. मागचा ट्रक जवळपास साधा, पुढचा मात्र भरपूर वळणारा. नंतर जे निघाले, त्यांत बहुतेकांचा गाभा हाच. फरक पडतो तो पुढचा ट्रक वळतो कसा आणि मध्यावर परत येतो कसा, यात.

कार्व्हरच्या सी७ या ट्रकमध्ये दोन सांधे आहेत. नेहमीचा झुकणारा हँगर (चाकांचा अक्ष धरणारा भाग) आणि त्याच्या वर आडवा फिरणारा, स्प्रिंग लावलेला हात. त्यामुळे बोर्ड थोडासाच झुकला तरी नाक लांबवर जातं, आणि मग तो हात परत यायला आपला वेळ घेतो. हा वेळ त्याला द्यावा लागतो. सी७ वर भराभर छोटे झटके मारणारा माणूस हात परत येण्याआधीच त्याला उलट ढकलतो, आणि बोर्ड नुसता वळवळतो. लांब, आळसावलेली वळणं घ्या. जागाही जास्त लागते, हे गृहीत धरा.

कार्व्हरच्याच सीएक्स या ट्रकमध्ये तो हात नाही, स्प्रिंगही नाही. उलट्या किंगपिनचा, म्हणजे नट बोर्डाच्या टोकाकडे असलेला हा ट्रक, पण कोन असे बसवलेत की झुकण्याच्या मानानं वळण भरपूर मिळतं. इथं वळण आणि झुकणं एकमेकांना बांधलेलं असतं. झुकलाच नाहीत, तर वळणारही नाही. लय जलद, वळणं आटोपशीर, आणि पाय मारत सरळ जाताना बोर्ड शहाण्यासारखा वागतो. सी७ वरून सीएक्सवर आलेला म्हणतो, "हा तर लाकूड आहे." सीएक्सवरून सी७ वर गेलेला म्हणतो, "हा ढिला पडलाय," आणि पाना शोधतो. दोघंही चुकतात. पंधरा-वीस मिनिटांत ठरवू नका, निदान चार-पाच वेळा चालवून बघा.

याऊ (YOW) कंपनीचा मेराकी किंवा स्मूथस्टार कंपनीचा थ्रस्टर हे ट्रक स्प्रिंगवाले. दाब दिला की ते खोल जातात आणि स्प्रिंग तुम्हाला परत ढकलते, म्हणून उभ्या जागेवरून वेग धरायला यांच्यावर मजा येते. इथली चूक वजनाची. अंगानं हलक्या माणसाला कडक स्प्रिंग मिळाली तर बोर्ड वळायच्या आधीच त्याला मध्यावर फेकतो. वजनदार माणसाखाली मऊ स्प्रिंग आली तर बोर्ड एका अंगाला कलंडून तिथंच बसतो. पायांची पद्धत कितीही बदलली तरी हे सुटत नाही. हा दोष खरंच यंत्राचा, आणि इथं स्प्रिंगच बदलावी लागते किंवा तिचा ताण बदलायची सोय असेल तर ती वापरावी लागते.

स्वेलटेक कंपनीचा पुढचा ट्रक तर पूर्ण ३६० अंशांत फिरू शकतो. त्यावर मध्य सांभाळायचं काम बरंचसं तुमच्या वजनाचं, त्यामुळे पाय मारून वेग घ्यायला गेलात की पुढचं टोक भलतीकडे पळतं. पहिलाच बोर्ड म्हणून हा घेऊ नये, असं माझं मत. आणि वॉटरबॉर्न कंपनीचा अडॅप्टर हा फळी आणि जुनाच ट्रक यांच्यामध्ये बसवायचा तुकडा. तो पुढे बसवला की बोर्डाचं नाक उंच होतं. मागचा ट्रक आणि फळी यांच्यामध्ये तेवढ्याच जाडीचा रायझर, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, घालायला लोक विसरतात आणि मग "मागे घसरल्यासारखं वाटतं" म्हणतात. उतारावर उभं राहिल्यावर दुसरं काय वाटणार?

भीतीपोटी आवळत जाणं

बोर्ड डुगडुगतो, म्हणून किंगपिनचा नट अर्धा फेरा आवळला. जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आणखी अर्धा. महिन्याभरात माझ्या ट्रकमधलं बुशिंग, म्हणजे किंगपिनवर बसवलेलं रबरासारखं कडं, वॉशरच्या बाहेर फुगून आलं होतं, कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. असं फुगलेलं बुशिंग दिसलं की समजा, गरजेपेक्षा फार आवळलंय.

सी७ सारख्या ट्रकमध्ये याचा परिणाम आणखी चमत्कारिक. किंगपिन आवळल्यानं झुकणं बंद होतं, पण वरचा हात मात्र तेवढाच मोकळा राहतो. म्हणजे बोर्ड सपाट राहून नुसता डावा-उजवा घसरतो, आणि आवळूनही जास्तच अस्थिर वाटतो. मग माणूस आणखी आवळतो.

कडकपणा हवाच असेल, तर आधी बुशिंग बदला. बुशिंगवर ८५ए, ९०ए, ९५ए असे आकडे असतात. आकडा मोठा, तेवढं ते कडक. नट फक्त वॉशर खडखडणार नाही इतका बसलेला हवा. सैल करतानाही मर्यादा आहे: किंगपिनचे आटे नटातल्या नायलॉनच्या कड्यातून पूर्ण बाहेर आलेले दिसले पाहिजेत, नाहीतर नट चालता चालता सुटेल. मागचा ट्रक पुढच्यापेक्षा किंचित घट्ट ठेवा. मागचा फार ढिला झाला की शेपटी खिळून राहत नाही आणि पंपातला जोर तिथूनच गळतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही पाव फेऱ्यानं.

पाय कुठं, बोर्ड केवढा

पुढचं पाऊल पुढच्या बोल्टांवर किंवा अगदी लगतच. ते सरकत सरकत बोर्डाच्या मध्यावर आलं की पुढच्या ट्रकवर पकडच राहत नाही. मागचं पाऊल मागच्या ट्रकच्या वर. हे करताना पाय ताणले जात असतील किंवा गुडघे एकमेकांवर आदळत असतील, तर दोष व्हीलबेसचा, म्हणजे दोन ट्रकमधल्या अंतराचा. सर्फस्केटवर हे बहुधा १६ ते १९ इंच असतं. बोर्ड निवडताना लोक डेकची, म्हणजे उभं राहायच्या फळीची, एकूण लांबी आणि चित्र बघतात. उभं राहायचंय ते दोन ट्रकवर, हे विसरतात. जमिनीवर सर्फसारखे उभे राहून स्वतःच्या पावलांमधलं अंतर मोजा आणि त्याच्या जवळपासचा व्हीलबेस घ्या.

चाकांबद्दल थोडक्यात. रस्त्यावरच्या साध्या स्केटबोर्डची ५२-५४ मिमीची, १००ए च्या आसपासची कडक चाकं इथं लावलीत तर जोराच्या वळणात ती सटकतील. सर्फस्केटला ६५ ते ७० मिमी, ७८ए ते ८१ए असं मऊ, रुंद चाक बरं. मोठं चाक म्हणजे खोल वळणात ते डेकच्या तळाला घासण्याचा धोका. बोर्ड उलटा करून तळावर काळपट चट्टे दिसतात का बघा. दिसले तर पातळ रायझर घाला. एरवी असं घासलेलं चाक एक दिवस थांबतं आणि तुम्ही थांबत नाही.

याच पकडदार चाकांमुळे हात टेकवून मारलेली ती देखणी घसरण, बर्ट स्लाइड, पहिल्या दिवशी होत नाही. १९७० च्या दशकात हवाईचा सर्फर लॅरी बर्टलमन लाटेवर हात टेकवून वळायचा, त्याची नक्कल स्केटवाल्यांनी जमिनीवर उतरवली. लोक हातावर सगळं अंग टाकतात आणि मनगट दुखवून घेतात. वजन पुढच्या पायावर हवं, हात फक्त फिरण्याचा खुंटा. मागचा पाय हलका झाला तरच शेपटी सुटते. जाड हातमोजा घाला आणि गुळगुळीत फरशीवर सुरुवात करा.

उलटी जोडणी आणि आवाज

बोर्ड खोलून परत जोडल्यावर खेकड्यासारखा तिरका चालायला लागला, तर मागचा ट्रक उलटा बसलाय. मी हे एकदा केलंय आणि दोन दिवस चाकांनाच दोष देत राहिलो. खूण सोपी: उलट्या किंगपिनच्या ट्रकचा नट बोर्डाच्या टोकाकडे तोंड करून असतो, नेहमीच्या स्केटबोर्डच्या ट्रकचा आतल्या बाजूला. स्प्रिंगवाला पुढचा ट्रक खोलण्याआधी फोटो काढून ठेवावा हे उत्तम.

वळताना चिरचिर आवाज येत असेल तर बहुधा हँगरचं टोक जिथं प्लास्टिकच्या वाटीत टेकतं तिथून येतो. मेणबत्तीचं मेण किंवा साबणाचा चुरा त्या वाटीत घाला, आवाज जातो. तेल नको, धूळ धरतं. स्प्रिंगच्या भागातून कोरडी करकर येत असेल तर तिथं ग्रीस लागतं. 'टक्' असा आवाज प्रत्येक वळणात एकदाच येत असेल तर मात्र थांबा. सगळे बोल्ट पान्यानं तपासा, आणि फिरणाऱ्या हाताला उभ्या दिशेनं खेळ आलाय का ते हातानं हलवून बघा. चाकं काढताना अक्षावरचे दोन बारीक वॉशर गडगडत जातात. ते न घालता नट आवळला तर बेअरिंग जाम होतं. नट इतकाच आवळा, की चाक अक्षावर केसभर मागेपुढे हललं पाहिजे.

उतार

पुढचा ट्रक जितका मोकळा, तितकी वेगात थरथर लवकर सुरू होते. थरथर जाणवली की बहुतेक जण मागे रेलतात. त्यानं पुढचं टोक आणखी हलकं होऊन जास्तच हिसके देतं. वजन पुढच्या पायावर घ्या, गुडघे मऊ ठेवा आणि चढाच्या दिशेनं मोठं वळण घेऊन वेग मारा. लांब उतारासाठी सर्फस्केट नाहीच, मग तो कुठल्याही ट्रकचा असो. उतार शिकायचाच असेल तर आधी सपाटीवर पाय घासत थांबायला शिका: पुढच्या पायावर पूर्ण तोल, मागचा पाय जमिनीवर सपाट, आणि दाब हळूहळू वाढवत न्यायचा. सी७ वर हे करताना पुढचं पाऊल आधी सरळ, नाकाच्या दिशेनं वळवून घ्या. आडव्या पावलानं एका पायावर तोल सांभाळायला गेलात तर ट्रकचा तो फिरता हात तुम्हाला थेट कडेच्या गटारात नेतो.