‘रद्द करा’ बटण देण्याआधीची तयारी

उन्हाळ कांद्याची आवक वाढण्याआधी, म्हणजे मार्चअखेरच, अहवालाच्या अॅप्लिकेशनमधल्या ‘रद्द करा’ बटणाचं हे काम हातावेगळं करा. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या गाळ्यावरचा दिवाणजी चुकून पाच वर्षांचा अहवाल मागतो, कंटाळून ‘रद्द करा’ दाबतो आणि पडदा मोकळा होतो. सर्व्हरवर मात्र क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली ती विचारणा, चालूच असते आणि सर्व्हर तिच्यातच गुंतून राहतो. बाहेर हिशोबपट्टीसाठी शेतकरी ताटकळतो, त्याची पट्टी निघायला उशीर होतो. म्हणून बटण थेट डेटाबेसपर्यंत पोचतं का, हे सगळ्यात आधी तपासा.

त्यासाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक जोडणीचा (अॅप्लिकेशनने डेटाबेसशी उघडलेल्या संपर्काचा) प्रोसेस क्रमांक लागतो. क्वेरी सुरू करण्याआधीच तो ‘पीजी बॅकएंड पीआयडी’ने विचारून अॅप्लिकेशनमध्ये जपून ठेवा. मध्ये पीजीबाउन्सर (जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ प्रोग्रॅम) व्यवहारागणिक, म्हणजे दर ट्रान्झॅक्शनला, जोडणी बदलत असेल, तर क्रमांक त्याच व्यवहाराच्या आत विचारा, नाहीतर तो शिळा निघेल. अडकलेली जोडणी स्वतःला रद्द करू शकत नाही, म्हणून दुसरी जोडणी राखून ठेवा. पूलमधल्या (उघडून ठेवलेल्या, आळीपाळीने वापरायच्या जोडण्यांच्या साठ्यातल्या) सगळ्या जोडण्या गुंतल्या असतील तर बटण हातात असूनही उपयोग नाही. त्या राखीव जोडणीवरून, जपलेला क्रमांक देऊन, ‘पीजी कॅन्सल बॅकएंड’ चालवा. दोन्ही जोडण्यांचा डेटाबेस-वापरकर्ता तोच असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. दुसऱ्याची क्वेरी थांबवायची असेल तर ‘पीजी सिग्नल बॅकएंड’ ही भूमिका (डेटाबेसमधल्या अधिकारांचा गट) आधीच देऊन ठेवा. ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’ अख्खी जोडणीच तोडतं, ते बटणामागे ठेवू नका. पोस्टग्रेसऐवजी मायएसक्यूएल असेल तर ‘किल क्वेरी’, जावात स्टेटमेंटचं ‘कॅन्सल’, एसक्यूलाइटला ‘इंटरप्ट’.

आता जिथे मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन ती गोष्ट. रद्दचा निरोप पोचेपर्यंत मूळ क्वेरी संपलेली असू शकते, आणि तीच जोडणी पूलने तोवर दुसऱ्या दिवाणजीला दिलेली असू शकते. निरोप प्रोसेसला जातो, क्वेरीला नाही. मग मरते ती त्या दुसऱ्या, निरपराध माणसाची पट्टी, आणि का मेली हे कुणालाच कळत नाही. म्हणून निरोपाचा निकाल लागेपर्यंत जोडणी पूलमध्ये परत टाकायची नाही, हा नियम कोडमध्येच बसवा. ‘ट्रू’ उत्तर आलं म्हणजे निरोप गेला इतकंच. क्वेरी थांबली याचा पुरावा मूळ जोडणीवर येणारी ५७०१४ (‘क्वेरी रद्द झाली’) ही त्रुटी. ती आली की रोलबॅक करा, म्हणजे अर्धवट व्यवहार मागे घ्या. व्यवहार तसाच सोडला तर पुढची प्रत्येक आज्ञा २५पी०२ (‘व्यवहार फसलेला आहे’) म्हणून परत येईल. पडद्यावर मात्र ‘अहवाल थांबवला’ एवढंच सरळ मराठीत दाखवा.

दिवाणजी बटण न दाबता ब्राउझरच बंद करतो, तेव्हासाठी ‘स्टेटमेंट टाइमआउट’ (ठरलेल्या वेळेनंतर क्वेरी आपोआप थांबवणारी मर्यादा) लावा, पण फक्त अहवालांच्या भूमिकेला. रात्रीच्या बॅकअपला नको. पोस्टग्रेस १४ पासून ‘क्लायंट कनेक्शन चेक इंटरव्हल’ ही सोयही आहे, क्वेरी चालू असताना समोरची जोडणी तुटली का हे ती अधूनमधून तपासते; मूळ मूल्य शून्य, म्हणजे बंद.

शेवटी चाचणी: ‘पीजी स्लीप’ने ६० सेकंदांची क्वेरी लावा, बटण दाबा आणि ‘पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटी’त (सर्व्हरवर सध्या काय चाललंय त्या यादीत) ती खरंच थांबली का ते डोळ्यांनी पाहा.