गिळता न येणाऱ्या रुग्णाचे तोंड स्वच्छ करताना या चुका टाळा

"आजोबा नळीवर आहेत, तोंडानं काहीच घेत नाहीत. मग दात कशाला घासायचे?"

नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या शुश्रूषा केंद्रात नवीन मावशी कामाला लागल्या की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. नातेवाईकही विचारतात. सगळ्यात मोठी चूक याच समजुतीतून होते, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते.

आपण जेवतो तेव्हा चावण्यामुळे लाळ सुटते, जीभ फिरते, घास जाता जाता तोंड बरेचसे साफ करून जातो. राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी असलेल्या माणसाचे हे सगळे थांबलेले असते. तोंड उघडे, श्वास तोंडाने, लाळ चिकट. पॅरालिसिसनंतर आमच्याकडे आणलेल्या एका आजोबांच्या टाळूवर तपकिरी थर होता. घरच्यांना वाटले, टाळूचा रंगच तसा असेल. ओला गॉज (जाळीदार मऊ कापडाची पट्टी) दहा-दहा मिनिटांनी लावत राहिलो, तेव्हा तो थर दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीसारखा सुटत आला. खालची टाळू लालबुंद होती. तो थर कोरडा असताना ओढला असता तर रक्तच आले असते. साफ झाल्यावर आजोबांनी पहिल्यांदा जीभ ओठांवरून फिरवली.

असल्या थरात जंतू वाढतात. गिळणे बिघडलेल्या माणसाची लाळ नकळत श्वासनलिकेत उतरते आणि तिच्याबरोबर जंतू फुप्फुसात जातात. नळी पोटात असली तरी लाळेला ती अडवत नाही. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षे केलेला एक अभ्यास १९९९ साली 'द लॅन्सेट'मध्ये आला होता. प्रत्येक जेवणानंतर ज्यांचे दात काळजीवाहकांनी घासून दिले, त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के जणांना झाला. ज्यांना अशी मदत नव्हती, त्यांच्यात १९ टक्के जणांना. म्हणून मी मावशींना सांगते, नळीवरच्या माणसाला ब्रश जास्त लागतो, पाणी मात्र कमी.

आडवे झोपवून आणि पाणी ओतून

सपाट झोपलेल्या रुग्णाच्या तोंडात ब्रश घातला की पाणी, फेस, लाळ सगळे सरळ घशाकडे जाते. बेडचा उशाकडचा भाग जमेल तितका उभा करा, हनुवटी किंचित छातीकडे ठेवा. बसवता येत नसेल तर कुशीवर वळवा आणि गालाखाली टॉवेल घाला. स्वतः शेजारी स्टुलावर बसा. तुम्ही उभे राहिलात की रुग्ण वर बघतो, मान मागे जाते आणि श्वासाची वाट उघडी पडते. ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती, बऱ्याच ठसक्यांनंतर कळली.

चूळ भरायला ग्लास देऊ नका. लहान मुलांचा मऊ ब्रश पाण्यात बुडवून झटकून घ्या. पेस्ट नुसती चाटण्यापुरती, शक्यतो फेस न होणारी. दोन-तीन दात घासले की ओल्या गॉजने पुसून घ्या. लाळ-पाणी ओढून घेणारे सक्शन मशीन असेल तर त्याची नळी गालाच्या कडेने फिरवा, घशात खोल घालू नका. कापसाचा बोळा वापरू नका, त्याचे धागे मागे राहतात. दातांच्या मध्ये बोटही घालू नका. नुसत्या माउथवॉशने चिकटलेला थर निघत नाही, ब्रश फिरवावाच लागतो.

रुग्ण तोंडाने थोडेफार खात असेल तर पॅरालिसिस झालेल्या बाजूच्या गालात घास तसाच राहतो आणि रुग्णाला ते जाणवत नाही. प्रत्येक जेवणानंतर टॉर्च लावून तो गाल बघा. आमच्याकडे एका आजींच्या गालात सकाळच्या उपम्याची मिरची संध्याकाळी सापडली होती. ब्रश मात्र जेवणानंतर किंवा नळीने फीड दिल्यानंतर अर्ध्या तासाने करा, नाहीतर उमासा येऊन उलटी होऊ शकते.

मायेपोटी होणाऱ्या चुका

इथे कुणाला बोलणे जिवावर येते. मुलगा रामकुंडावरून तीर्थ आणतो आणि आईच्या तोंडात चमचाभर घालतो. पातळ पाणी हेच अशा रुग्णाला सगळ्यात अवघड जाते. मी त्याला सांगते, बोट बुडवून आईच्या ओठांना लाव. आईचे डोळे मिटतात, हात जोडायला उचलला जातो, आणि मुलालाही समाधान मिळते. द्राक्षांच्या दिवसांत घरून घड येतात. साल, रस आणि गर एकत्र असलेले हे फळ ठसक्याला हमखास निमंत्रण, तेव्हा गिळणे तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टला विचारल्याशिवाय एकही मणी देऊ नका.

कोरड्या तोंडात तूप किंवा तेल सोडू नका. ते फुप्फुसात गेले तर वेगळाच न्यूमोनिया होतो. लिंबू-ग्लिसरीनने तोंड नंतर आणखी सुकते. मिश्रीची सवय असलेल्या आजी ती मागतात, पण तिची पूड श्वासाबरोबर आत जाते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या कोरड्या थंडीत तोंडे फार सुकतात, तेव्हा दर दोन-तीन तासांनी पिळलेला ओला गॉज फिरवणे हाच सोपा उपाय. ओठांना व्हॅसलिनचा पातळ हात चालतो. ऑक्सिजन लावलेला असेल तर पाण्यावर आधारित जेल वापरा.

कवळी रात्री काढा, घासा आणि नाव लिहिलेल्या डबीत साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. कवळी काढल्यावर हिरड्या आणि टाळूही पुसायच्या असतात, हे बऱ्याचदा राहून जाते.

तोंडच उघडत नसतील तर

जबडा दाबून उघडू नका. ब्रश चावून धरला तर ओढू नका, गालावर हळूहळू चोळत थांबा, पकड सुटते. डिमेन्शिया असलेल्या आजींच्या हातात ब्रश द्यायचा, वर आपला हात ठेवायचा आणि बोलत राहायचे: "आजी, आता डावीकडे जातोय हं." तरी नाही म्हणाल्या तर अर्ध्या तासाने परत या.

मध्येच ठसका लागला, आवाज ओला, घरघरता झाला किंवा डोळ्यांत पाणी आले तर लगेच थांबा. ठसका आला नाही म्हणजे आत काही गेले नाही असे नसते, काहींना ठसका येतच नाही. ताप, नेहमीपेक्षा जलद श्वास किंवा एकाएकी आलेली सुस्ती दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले तर खरवडू नका. ती बुरशी असू शकते आणि तिच्यावर औषध मिळते.