मूल अठराचं झालं की पालकत्वाचा कागद: खान्देशातल्या घरांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी

बौद्धिक दिव्यांग मूल अठराचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं. त्याच्या वतीने आईवडिलांनी केलेली सही त्या दिवसापासून चालत नाही. घरच्यांना हे बहुधा बँकेच्या खिडकीवर कळतं, नाहीतर बाप गेल्यावर तलाठ्याकडे. दोन्ही वेळा उशीर झालेला असतो. म्हणून मूल सतराचं झालं की फाईल बांधायला घ्या.

सज्ञान मुलाच्या वतीने कायद्याने सही करायचा आणि निर्णय घ्यायचा अधिकार म्हणजे पालकत्व. त्याची तरतूद राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायदा, 1999 मध्ये आहे. हा कायदा स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चारच प्रकारांना लागू होतो. मानसिक आजार यात येत नाही. गावात दोन्हींना एकच शब्द वापरतात, त्यामुळे चुकीच्या दारी फेऱ्या पडतात. म्हणून आधी प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. पालकत्व देते ती स्थानिक स्तर समिती. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, ज्या जिल्ह्यात मूल राहतं तिथली समिती. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही.

अर्ज करण्याआधी एक प्रश्न घरात बसून सोडवा: पालक खरंच हवा आहे का आणि नेमका कशासाठी? कायद्याच्या कलम 14 प्रमाणे समितीलाही हेच तपासायचं असतं. सौम्य अक्षमता असलेला मुलगा पैसे ओळखत असेल, दुकानातून सामान आणत असेल, तर त्याला घरच्यांची मदत आणि बँकेत संयुक्त खातं पुरू शकतं. पालकत्व लागतं ते जमीन, पेन्शन, मोठी रक्कम किंवा दवाखान्यातली संमती अशा ठिकाणी. काय घालायचं, कोणाकडे जायचं, जेवायला काय हवं, हे त्याचं त्यानेच ठरवायचं. मतदार यादीत नाव घालायलाही पालकत्व आड येत नाही. कोर्टाने विकलमनस्क (मनाने अस्थिर) ठरवलं असेल तरच नाव नाकारता येतं, तेव्हा अठरा पूर्ण होताच मतदार नोंदणीचा अर्जही भरून टाका.

सगळ्यात जास्त फायली अडतात त्या प्रमाणपत्रावर. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र 5, 10 आणि 18 व्या वर्षी नवं करावं लागतं. अठराव्या वर्षी मिळतं ते कायमचं. शाळेच्या वेळचं जुनं प्रमाणपत्र जोडलं की अर्ज परत येतो. म्हणून यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलमधल्या तपासणीचा दिवस आधीच विचारून ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ रोज एकत्र असतीलच असं नाही. एप्रिल-मेमध्ये जायचं असेल तर सकाळची पहिली बस धरा. पंचेचाळीस अंशाच्या उन्हात रांगेत उभं राहिलेलं मूल खोलीत गेल्यावर एका प्रश्नालाही उत्तर देत नाही. फिट येत असतील तर त्या दिवशीची गोळी चुकवू नका.

टक्केवारी डॉक्टर मनाने लिहीत नाहीत. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सौम्य म्हणजे 50, मध्यम 75, तीव्र 90 आणि अतितीव्र 100 टक्के. त्यासाठी बुद्ध्यांकासोबत (आयक्यू) सामाजिक परिपक्वतेची चाचणी घेतात आणि तिचे प्रश्न मुलाला नाही, घरच्यांना विचारतात. इथे दोन चुका होतात. बाप घेऊन जातो आणि त्याला दिवसभराचं काही सांगता येत नाही. आई गेली तर लाजेपोटी किंवा मायेपोटी “करतो ना सगळं” म्हणते, पण गुंड्या तीच लावते आणि आंघोळीचं पाणीही तीच काढून देते. त्यामुळे जाण्याआधी आठवडाभर वहीत टिपून ठेवा: जेवण, शौच, आंघोळ, कपडे, पैसे, एकट्याने बाहेर जाणं. प्रत्येकापुढे लिहा, स्वतः करतो, सांगितल्यावर करतो, की करून द्यावं लागतं. जे आहे तेच लिहा, वाढवूनही नको. दुसरी गोष्ट भाषेची. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचं, घरी पावरी किंवा भिली बोलणारं मूल प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला गप्प राहतं आणि ते गप्प राहणं गुणांमध्ये धरलं जातं. अहिराणी बोलणाऱ्या मुलांचंही तसंच होतं. दुभाषा म्हणून घरचं माणूस आत बसू द्या, असं आधीच सांगा.

मग नावांचा मेळ. आधार, शाळेचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकच हवी. टोपणनाव दाखल्यात चढलेलं असतं, कुठे आडनाव आधी तर कुठे शेवटी. आधारचे ठसे पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. सेरेब्रल पाल्सीत बोटं आखडलेली असतील तर डोळ्यांच्या बुबुळांवर नोंद होते. केंद्रचालक नाही म्हणाला तर ठशांशिवायच्या अपवाद नोंदणीचा आग्रह धरा.

पालकत्वाचा अर्ज म्हणजे फॉर्म ए. त्याला जोडायचं ते असं: दिव्यांग प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, मुलाचे आणि होणाऱ्या पालकाचे आधार व फोटो, नात्याचा पुरावा, होणाऱ्या पालकाची लेखी संमती, आणि आईवडिलांपैकी कोणी हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. मुलगी असेल तर एकटा पुरुष पालक होऊ शकत नाही. भाऊ पालक होणार असेल तर त्याच्या बायकोला सहपालक करावं लागतं आणि नियमात मुख्य सहपालक तीच असते. तेव्हा वहिनीला विचारल्याशिवाय अर्ज भरू नका. सही तिची आहे आणि रोजचं करणारीही बहुतेक तीच असणार आहे.

भावंडांच्या संमतीसाठी आखाजीसारखा (अक्षय तृतीयेसारखा) दिवस नाही. सासुरवाशिणी माहेरी असतात, सगळे एका ओट्यावर बसतात, तेव्हाच बोलून सह्या घ्या. नंदुरबारच्या डोंगराळ भागात मात्र दिवाळीआधीच उरका. नंतर घरंच्या घरं गुजरातकडे कामाला जातात आणि समितीकडून चौकशीला आलेल्या माणसाला कुलूप दिसतं.

अर्ज कलेक्टर कचेरीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का नाही तर अर्ज नाही असंच समजा. कायद्याने समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. होत नसेल तर संस्थेच्या लेटरहेडवर कलम 13 चा उल्लेख करून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्या. एका घरापेक्षा पाच-सात घरांच्या अर्जांची यादी जोडली तर पत्राला वजन येतं. तरी हललं नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात गेल्या बैठकांच्या तारखा आणि प्रलंबित अर्जांची संख्या मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते.

कागद हातात आला म्हणजे काम संपलं नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत फॉर्म सी मध्ये मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, फॉर्म डी मध्ये हिशेब द्यायचा असतो. बहुतेक घरं हे देत नाहीत, कारण कोणी सांगतच नाही. एक शंभर पानी वही पुरते: आलं किती, कशावर गेलं, पावती कुठे.

बँक कधीकधी कोर्टाचा आदेश मागते. समितीचं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक 2007 पासून आहे. शाखाधिकाऱ्याकडून नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर बहुधा कागद पुढे सरकतो.

जमिनीबाबत मात्र जास्त जागं राहा. रावेर-यावलच्या बागायती केळीच्या शेतात भावांची वाटणी होते, तेव्हा दिव्यांग बहिणीचा अंगठा हक्कसोडपत्रावर सहज घेतला जातो. “तिला काय कळतं, आम्हीच तर सांभाळतो” म्हणतात. लेकीचा वाटा मुलाइतकाच असतो आणि आपण कशावर अंगठा देतोय हे ज्याला उमगत नाही त्याने केलेला करार कायद्यात टिकत नाही. पण पुढे कोर्टात भांडण्यापेक्षा आधीच अडवणं सोपं. वारस नोंदीत तिचं नाव चढलंय का ते सातबाऱ्यावर पाहा. फेरफाराची नोटीस निघाली की 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या.

पालकच पैसे खात असेल किंवा मुलाची आबाळ करत असेल, तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था कलम 17 खाली त्याला काढायचा अर्ज समितीकडे करू शकते. तारीखवार नोंदी, फोटो आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडा. आणि पालक म्हणून फक्त सत्तरीतल्या बापाचं नाव असेल, तर भावंडांपैकी पुढे कोण पालक होणार ते आत्ताच बोलून घ्या आणि त्याचे कागद याच फाईलीत लावून ठेवा.